हे कुठे टाकायचं?

गेल्या गणेशोत्सवात मंडळाने कचऱ्याची व्यवस्था माझ्याकडे सोपवली होती. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातली, तेव्हा हे काम मी आधुनिक पद्धतीने करीन असे समितीला वाटले, आणि खोटे कशाला बोलू, मलाही वाटले. हॉलच्या दाराशी तीन रंगांचे तीन डबे ठेवले. प्रत्येक डब्यावर एक क्यूआर कोड चिकटवला. त्यावर मोबाईल धरला की मराठीतली यादी उघडायची: श्रीखंडाचा डबा धुऊन हिरव्यात, उरलेला वरणभात तपकिरीत, तेलकट कागदी ताटल्या काळ्यात, लोणच्याची काचेची बरणी यांपैकी कशातच नाही, ती काचेसाठी ठेवलेल्या सार्वजनिक कुंडीत. शेजारी चित्रेही होती. मोदकाचे चित्र काढायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण माझा मोदक पुनःपुन्हा लसणाच्या गड्ड्यासारखा दिसत होता.

दीडशे-पावणेदोनशे माणसे जेवून गेली. रात्री मी आकडा पाहिला. यादी एकूण एकवीस वेळा उघडली गेली होती, आणि त्यातल्या निदान नऊ वेळा ती मीच उघडली होती, नीट चालते की नाही ते पाहायला. हिरव्या डब्यात अर्धवट खाल्लेल्या ताटल्या होत्या. तपकिरी डब्यात निर्माल्य होते, ते बरोबर. पण दोऱ्यासकट, जरीसकट आणि प्लॅस्टिकच्या मण्यांसकट. आणि बरीच मंडळी जन्माच्या सवयीप्रमाणे सगळे एका पिशवीत भरून, घट्ट गाठ मारून, जो डबा जवळ दिसला त्यात ठेवून गेली होती. हॉलच्या रखवालदाराने तिन्ही डब्यांत डोकावून पाहिले, मान हलवली आणि आता हे सगळे काळ्यातच जाणार, एवढेच म्हणाला. रागावला नाही. असे त्याने पूर्वीही पुष्कळदा पाहिले असावे.

पुढच्या बैठकीत सूचना आली की क्यूआर कोड अपुरा पडला, आता मंडळाने स्वतःचे ॲपच काढावे. त्यात यादी असावी, कोणत्या दिवशी कोणता डबा बाहेर ठेवायचा याची आठवण असावी, मुलांना गुण मिळावेत, महिनाअखेर पहिल्या दहा कुटुंबांची नावे झळकावीत. ते मी तयार करून द्यावे आणि त्याआधी लेखी अभिप्राय द्यावा, असे ठरले. हा तो अभिप्राय. एका पानात मावला नाही म्हणून संपादकांनी पुरवणीत घेतला आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकते: ॲप काढू नये. तांत्रिक अडचण काही नाही, दोन-तीन शनिवार-रविवारांचे काम आहे. पण असली साधने कचऱ्याविषयी जे गृहीत धरतात तेच मला पटेनासे झाले आहे, आणि त्याला कारण माझी आई.

आई पुण्याहून, कोथरूडहून, उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे चेरीवूडला राहून गेली. ज्यांनी आमचे गाव पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. डब्लिनच्या दक्षिणेला लुआसचा हिरवा मार्ग जिथे संपतो त्या ब्राइड्स ग्लेन स्टेशनाच्या आसपास हे नवे उपनगर उभे राहते आहे. टलीच्या पडक्या चर्चपाशी शेकडो वर्षांचे दगडी क्रूस आणि त्यांच्या एका बाजूला आमच्या काचेच्या बाल्कन्या, असा सगळा मामला. येथे पुष्कळ कुटुंबे अपार्टमेंटमध्ये राहतात, आणि आमच्या इमारतीचा कचरा तळमजल्याच्या एका बंद खोलीत जातो.

पहिल्याच दिवशी मी आईला ती खोली दाखवायला नेले. बिल्ला टेकवला, दार उघडले, दिवा आपोआप लागला. छातीएवढे उंच चाकांचे डबे ओळीने उभे. भिंतीवर फलक, फलकावर अर्थातच क्यूआर कोड. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, पण न्यायला कोण येतं?"

म्हटले, गाडी येते.

"गाडी येते ते कळलं. माणूस कोण असतो?"

मला सांगता येईना. या इमारतीत राहायला येऊन मला पाच वर्षे झाली. गाडी पहाटे केव्हातरी येते, चाकांचा खडखडाट अर्धवट झोपेत ऐकू येतो, सकाळी डबे रिकामे असतात. तो माणूस गोरा की काळा, तरुण की म्हातारा, एक की दोन, काही ठाऊक नाही. आईच्या तोंडी मात्र कोथरूडच्या मावशींचा विषय दर दोन दिवसांनी. मावशी आता आली असेल, मावशीच्या मुलीचे बारावीचे वर्ष आहे, मी नाही तर शेजारच्या वहिनी डबा बाहेर ठेवायला विसरतात आणि मावशी त्यांना ऐकवते. मावशी म्हणजे रोज सकाळी दारावर कचरा घ्यायला येणारी बाई.

आता साधनांकडे वळते, आणि जे चांगले आहे ते आधी मान्य करते. आयर्लंडमध्ये माय वेस्ट नावाचे अधिकृत संकेतस्थळ आहे. वस्तूचे नाव शोधले की ती कुठे टाकायची ते सांगते. मी ते वापरते आणि त्याच्याविषयी वाईट बोलणार नाही. २०२१ च्या सप्टेंबरात येथला नियम बदलला आणि पातळ, मऊ प्लॅस्टिक पुन्हा हिरव्या डब्यात चालू लागले. त्या दिवशी फ्रिजवर चिकटवलेले यच्चयावत कागद खोटे ठरले. पडद्यावरची यादी एका रात्रीत बदलता येते, कागदाला ते साधत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा अशी यादी असावी, आणि ती आहेच. मंडळाने तिचीच दुसरी प्रत काढण्यात मला अर्थ दिसत नाही.

पण ती यादी उघडतो कोण? ज्याला आधीच शंका आली तो. हातातली वस्तू पाहून "हे कुठे टाकायचं?" असे ज्याच्या मनात आले त्याचे अर्धे काम झालेले असते. गणपतीच्या दिवशी कोणाच्याही मनात ते आले नाही. एका हातात खरकटी ताटली, दुसऱ्या कडेवर मूल, मागे रांग. मोबाईल काढायला तिसरा हात कुठून आणायचा? आणि मुख्य म्हणजे त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. आपल्यातले बहुतेक लोक दहा-दहा वर्षे येथे राहतात, मुले शाळेतून हे सगळे शिकून येतात. अज्ञान हा रोग धरून औषध दिले, आणि रोग दुसराच होता.

येथे थोडे विषयांतर करते. येथला हिरव्या डब्याचा नियम तीन शब्दांचा आहे: स्वच्छ, कोरडे आणि सुटे. पहिले दोन आपल्याला जमतात, आपण दह्याचे डबे धुऊन वर्षानुवर्षे वापरणारी माणसे. तिसऱ्यापाशी गाडी अडते. आपल्याला गाठ मारल्याशिवाय चैन पडत नाही. पिशवीची गाठ म्हणजे विषय संपला. मी विचार करू लागले की ही गाठ आपल्याकडे आली कुठून, कारण माझ्या लहानपणी तर ती नव्हती. आमच्या घरी एक वस्तू नव्हतीच मुळी जिला सरसकट कचरा म्हणत. रद्दी होती, ती रद्दीवाल्याची. तो तराजू घेऊन यायचा आणि आजी काट्याकडे डोळे लावून बसायची. भंगार भंगारवाल्याचे. जुने कपडे बोहारणीचे, आणि तिच्याशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस. उष्टे-खरकटे गल्लीतल्या गाईचे किंवा कुत्र्याचे. निर्माल्य वेगळे, त्याला पाय लागता कामा नये. या सगळ्यांतून झाडून जो उरे तो केर. आपली भाषाच वर्गीकरण करून ठेवत होती, आणि प्रत्येक शब्दापुढे एक माणूस किंवा निदान एक गाय उभी होती. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, बंद फ्लॅट आले, आणि ज्या वस्तूंना कोणी मालक उरला नाही त्या सगळ्या मिळून एका गाठीत गेल्या. निर्माल्यासाठी इंग्रजी यादीत काय शोधायचे असा प्रश्न पडला तेव्हा मला ते सुटे करावे लागले: फुले तपकिरीत, दोरा आणि मणी काळ्यात. तेव्हा कुठे लक्षात आले की शब्द होता तोवर मी ते कधी सुटे करून पाहिलेच नव्हते.

असो. यादीनंतरचे साधन तक्रारीचे. भारतात स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारचे स्वच्छता ॲप आले. रस्त्यात कचऱ्याचा ढीग दिसला की फोटो काढायचा, जागेची नोंद आपोआप होते, तक्रार महापालिकेच्या माणसाकडे जाते, काम झाले की उलट निरोप येतो. कल्पना वाईट नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ढीग उचललेही गेले. पण शहरांच्या क्रमवारीसाठी जे स्वच्छ सर्वेक्षण होते त्यात एके काळी या ॲपच्या वापरालाही गुण ठेवले गेले, आणि मग व्हायचे ते झाले. ॲप उतरवून घ्या, उतरवून घ्या, असा गावोगावी धोशा सुरू झाला. कचरा किती सुटा झाला यापेक्षा ॲप किती मोबाईलांत गेले हे मोजणे सोपे, म्हणून ते मोजले गेले. आमच्या धंद्यात हे रोज घडते, तेव्हा मला नवल वाटले नाही. माझी खरी तक्रार निराळी आहे. त्या फोटोच्या चौकटीत ढीग असतो, आणि ज्या घरातून तो निघाला ते घर चौकटीच्या बाहेर असते. फोटो काढणारा तर कॅमेऱ्याच्या मागे. आपण सगळे प्रेक्षक होतो, आणि कचरा हा नेहमी दुसऱ्याचा.

तिसरे साधन पाळतीचे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली, म्हणजे कोण कामावर आहे आणि कोण नाही हे कचेरीत बसून दिसावे. राज्यातल्या अनेक नगरपालिकांनी घराच्या दारावर क्यूआर कोडचे फलक लावले. घंटागाडीवरचा माणूस तो स्कॅन करतो आणि त्या घरचा कचरा उचलल्याची नोंद होते. हजेरी घेऊ नये असे मी म्हणत नाही. बुडवेगिरी असते, ठेकेदारांची तर असतेच. पण जरा उलट बाजूने पाहा. जो माणूस कचरा उचलतो त्याचे पाऊल नि पाऊल मोजले जाते. जो कचरा करतो त्याने ओल्यात काच टाकली तर यंत्राला त्याचा पत्ता नाही. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करायला सांगितले होते. म्हणजे जबाबदारी घराची. आणि घड्याळ मात्र कामगाराच्या मनगटावर.

मग चालते ते काय? माझ्या पाहण्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांनी लोकांच्या सवयी खरोखर बदलल्या, आणि गंमत अशी की त्यांपैकी एकीलाही जागृती करायची नव्हती. आयर्लंडने २००२ च्या मार्चमध्ये दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर लावला. त्याआधी माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या खपत असा अंदाज होता. त्या २१ वर आल्या. २००७ मध्ये कर २२ सेंट झाला. तेव्हा कोणाच्या हातात आजच्यासारखा मोबाईल नव्हता. होता तो एक प्रश्न: पिशवी हवी का? तो प्रश्न काउंटरवरची बाई विचारायची, मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. १५ सेंटांचे दुःख कोणाला नव्हते. चारचौघांत "हो, हवी" म्हणायचे अवघड होते.

दुसरी गोष्ट ताजी आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून येथे प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन यांवर अनामत सुरू झाली: अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्याहून मोठ्याला २५. रिकामी बाटली न चेपता दुकानातल्या यंत्रात घातली की यंत्र तिच्यावरची खूण वाचते आणि पावती देते. माझा धाकटा, जो स्वतःचे मोजे उचलत नाही, तो शेजारच्यांच्या बाटल्या गोळा करून आणतो. हे डिजिटल साधनच आहे, आणि ते उत्तम चालते. पण याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. योजना सुरू झाली आणि डब्लिनच्या रस्त्यांवर कचराकुंडीत हात घालून बाटल्या शोधणारी माणसे दिसू लागली. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थबकले. युरोपच्या एका श्रीमंत राजधानीत, पुण्याच्या रस्त्यावर लहानपणी पाहिलेले दृश्य! बाटलीला किंमत आली तेव्हा तिच्यापुढे माणूस उभा राहिला, नेहमीप्रमाणे सर्वांत गरीब. फक्त येथे त्याला अजून नाव मिळालेले नाही.

पैशाचे हे औषध आमच्या इमारतीच्या खोलीपर्यंत पोचत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. स्वतंत्र घर असेल तर डबा आपल्या नावाचा, त्याला चिप, जितक्या वेळा उचलला त्याची नोंद, त्याप्रमाणे बिल. (या बिलांवरून येथे केवढे रण माजले होते! २००३ मध्ये जो हिगिन्स नावाचा खासदार कचरापट्टीविरुद्धच्या आंदोलनापायी महिनाभर तुरुंगात गेला होता. पुढे कचरा उचलायचे कामच खासगी कंपन्यांकडे गेले; डब्लिन शहरात ते २०१२ मध्ये.) अपार्टमेंटमध्ये डबे सगळ्यांचे, खर्च देखभालीच्या वर्गणीत वाटून. मी काटेकोर वागले काय आणि शेजाऱ्याने हिरव्यात लंगोट टाकले काय, वर्गणी तेवढीच. दक्षिण कोरियाने यावर तोड काढली. तिथे २०१३ पासून अन्नाच्या कचऱ्याला त्याच्या प्रमाणात पैसे पडतात. पुष्कळ अपार्टमेंटांत कार्ड टेकवल्याशिवाय डब्याचे झाकण उघडत नाही, आत काटा असतो, आणि किलोवर हिशेब होतो. साधन म्हणून मला ते पसंत आहे. घराला मोजते, झाडूवाल्याला नव्हे. पण ते सरकारचे काम. मंडळाने काढलेल्या ॲपला कोणाचे झाकण बंद ठेवता येणार नाही. आपल्या हाती उरतात ते गुण आणि पहिली दहा नावे. त्याचे काय होईल ते सांगते. ज्यांच्या घरी आधीच नेम आहे ती दहा कुटुंबे दर महिन्याला आलटून पालटून झळकतील, आणि बाकीचे तिसऱ्या महिन्यात ॲप काढून टाकतील.

आता पुण्याची गोष्ट. मी ती आईकडून निम्मी ऐकली आणि निम्मी नंतर वाचून काढली. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. रस्त्यावर आणि कुंड्यांत कचरा वेचणाऱ्या बायांची ही संघटना. हमाल पंचायतीचे बाबा आढाव तिच्या पाठीशी उभे होते. या बाया बहुतेक दलित समाजातल्या. त्यांनी आधी ओळखपत्र मागितले, कारण पोलीस चोर म्हणून हटकत. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कुंडीत हात घालण्याऐवजी बाई दारावर येते, ओला-सुका वेगळा घेते, दरमहा घराकडून शुल्क घेते आणि सुक्यातले विकाऊ विकते. आज तिचे साडेतीन हजारांवर सभासद आहेत. कराराच्या नूतनीकरणावरून महापालिकेशी अनेकदा ताणाताणी झाली, ती वेगळी कथा.

या संस्थेने २०१७ च्या सुमारास लाल ठिपक्याची मोहीम काढली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लंगोट कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, एवढेच. ठिपका दिसला की बाई पुडी उघडत नाही, बाजूला ठेवते. त्याआधी वर्गीकरण करताना तिला ती हातांनी उघडावी लागे, आत काय आहे ते ठाऊक नसे. या विषयावर मी जी काही साधने पाहिली त्यांत मला हे सर्वांत हुशारीचे वाटते, आणि मी हे व्यवसायाने साधने बनवणारी बाई म्हणून म्हणते. खर्च शून्य. वीज नको, मोबाईल नको, अक्षरओळखही नको. पण खरी गोष्ट अशी की ठिपका हा निरोप आहे, आणि तो घराकडून कामगाराकडे जातो. बाकी सगळी साधने घराशी बोलतात किंवा कामगाराला मोजतात. ठिपका काढताना मात्र एका क्षणासाठी का होईना, ही पुडी ज्या हातात पडणार तो हात डोळ्यांसमोर येतो. आईने येथेही पहिल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या लंगोटाच्या पुडीवर लाल पेनाने ठिपका काढला. मी हसले. येथे कोणाला कळणार त्याचा अर्थ? "कळेल ना, काहीतरी खूण केलीय एवढं तरी कळेल," ती म्हणाली.

हे लिहिताना मला एक खबरदारी घ्यायची आहे. परदेशात बसून पुण्याच्या मावशींचे गोडवे गाणे फार सोपे आहे. आईला मावशीच्या मुलीचे बारावीचे वर्ष ठाऊक आहे, पण मावशीने आमच्या घरी कधी चहा घेतला असेल तर तो दाराबाहेर, वेगळ्या कपात. हे मी माझ्याच घराविषयी लिहिते आहे. ओळख होती याचा अर्थ बरोबरी होती असे नव्हे, आणि आपला कचरा कोणाच्या हातून जायचा हे पिढ्यान्‌पिढ्या कशावरून ठरत आले ते आपण सगळे जाणतो. येथे गाडीमागचा माणूस हातमोजे घालतो, पगार घेतो, त्याची जात कोणी विचारत नाही. ते निःसंशय अधिक चांगले. परंतु तेथून येथे येताना आपण एका गैरसोयीच्या ओळखीतून सुटलो आणि सोयीच्या अनोळखीत शिरलो, हेही खरे. लहानपणापासून जी गोष्ट नजरेआड करायला शिकलो होतो ती येथे यंत्राने आणखी नजरेआड केली, आणि आपल्याला ते आवडले. ॲप त्यावर आणखी एक काच बसवील, असे मला वाटते.

गाडगेबाबांची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. राज्याने २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. बाबा गावात येत, दिवसभर स्वतः झाडू मारीत आणि रात्री कीर्तन करीत. क्रम महत्त्वाचा. रात्री समोर बसलेल्या प्रत्येकाने दुपारी या माणसाला आपल्याच दारापुढचा केर काढताना पाहिलेले असे. मग ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोते उत्तरे देत. यात माहिती फार थोडी होती.

आई परत जाण्यापूर्वी एका रविवारी आम्ही दोघी लुआसने बॅलीओगनला गेलो. तिथे कौन्सिलचे रिसायकलिंग केंद्र आहे. तळणीचे जुने तेल द्यायचे होते, जे मोरीत ओतू नये. आमच्या भागातला जुना कचरा डेपोही तिथलाच. तो २००५ मध्ये बंद झाला, आता वर गवत आहे. आईने उरुळी देवाची आणि फुरसुंगीची चौकशी केल्यासारखी त्याची चौकशी केली: बंद झाल्यावर कचरा कुठे जातो? मी सांगितले, काळ्या डब्यातला पुष्कळसा पूलबेगच्या भट्टीत, २०१७ पासून; सुरू झाली तेव्हा वर्षाला सहा लाख टन जाळायची तिची ताकद होती. केंद्रावर एक गृहस्थ उभे होते. आमची बाटली त्यांनी हातात घेतली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिले, पिंपाकडे बोट दाखवले आणि आईच्या हातातल्या दुसऱ्या पिशवीत डोकावून, ती इकडे नाही, तिकडे, असे खुणेने सांगितले. अर्धे मिनिट. आईला इंग्रजी बेताचेच येते. पुढच्या खेपेला ती मला न विचारता बरोबर ठिकाणी गेली.

तेव्हा माझा अभिप्राय असा. ॲपवरचा खर्च आणि माझे शनिवार-रविवार वाचवावेत. येत्या गणेशोत्सवात जेवणाच्या दोन्ही पंगतींना डब्यांपाशी दोन-दोन माणसांनी उभे राहावे, हातमोजे घालून. फलक नको, भाषणही नको. ताटली घ्यावी, खरकटे तपकिरीत झटकावे, ताटली काळ्यात टाकावी. पाळी लावताना पदाधिकाऱ्यांची नावे पहिली घालावीत. जेवणाच्या रांगेत वाढायला उभे राहायची आपल्याकडे हौस असते, उचलायला उभे राहायचे म्हटले की प्रत्येकाला लवकर निघायचे असते, म्हणून हे आताच लिहून ठेवते. निर्माल्याचे हार सोडवायला एक टेबल आणि दोन कात्र्या लागतील. ते काम मुले आनंदाने करतील. हॉलच्या रखवालदाराला आदल्या दिवशी भेटून त्याचे डबे कोणते आणि गाडी कधी येते ते विचारावे. गेल्या वर्षी मी त्याचे नावही विचारले नव्हते. आणि मखर थर्मोकोलचे नको. महाराष्ट्रात २०१८ मध्ये त्यावर बंदी आली, येथे ते हिरव्या डब्यात चालत नाही, आणि गेल्या वर्षीचे अजून माझ्या गॅरेजच्या जागेत पडून आहे. ज्यांचे असेल त्यांनी न्यावे.